हेल्मेट, कंपनीचं गेट आणि ऑगबर्नची पिछाडी

पेठेतला_मास्तर (धागाकर्ता)

एम.ए. समाजशास्त्राच्या वर्गावर 'कायदा, तंत्रज्ञान आणि सामाजिक बदल' हा पेपर यंदा माझ्या गळ्यात पडला आहे. सुरुवात अर्थातच विल्यम ऑगबर्नपासून. कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक, नंतर शिकागोला. १९२२ साली त्यांनी मांडलेली गोष्ट आपल्याकडे परीक्षेत हमखास येते : यंत्रं आणि शोध झपाट्याने बदलतात, रीतिरिवाज, संस्था, कायदे मागून रेंगाळत येतात. या मधल्या काळाला ते सांस्कृतिक पिछाडी म्हणतात. त्यांचं उदाहरण कारखान्यातल्या अपघातांचं. अमेरिकेत १८७० च्या सुमारास यंत्रांत कामगारांचे हात जायला लागले होते, पण नुकसानभरपाईचे कायदे यायला १९१० उजाडलं. तोवर कोर्टं जुन्याच पद्धतीने विचारत राहिली : चूक मालकाची, जखमी कामगाराची, की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याची?

हे सांगून झाल्यावर म्हटलं, आता पुण्यातलं उदाहरण द्या. अख्खा वर्ग एका सुरात : हेल्मेट!

उदाहरण झकास आहे. दुचाक्यांचं शहर. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १२९ अगदी स्वच्छ. चालवणाऱ्यालाही हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये आणि तीन महिने परवाना बाद, असंही लिहून ठेवलं. पण पुण्यात सक्ती जाहीर झाली रे झाली की कृती समित्या, निवेदनं, मोर्चे ठरलेले. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी मोठी मोहीम काढली होती, तेव्हाचे वाद इथल्या जुन्या धाग्यांवर सापडतील.

माझी अडचण अशी. इरावतीबाई कर्वे पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवायच्या, त्याला अर्धशतकाहून जास्त काळ लोटला. म्हणजे यंत्र काही काल आलेलं नाही. कायदाही जुना. मग ही पिछाडी संपत का नाही? की हेल्मेट ऑगबर्नच्या साच्यात बसतच नाही? लोकांनी मतं द्यावीत. 'पुणेकर असेच' हे उत्तर धरलं जाणार नाही.

कसब्याचा_कट्टा

सिद्धांत राहू द्या हो मास्तर. लक्ष्मी रोडवर ताशी वीसच्या वर गाडी पळत नाही, तिथे हेल्मेट घालून करायचंय काय? हायवेला घाला, कोण नाही म्हणतंय. चार दुकानं फिरायची, प्रत्येक दुकानात ते बोडकं काखेत मारून शिरायचं. आरशाला अडकवलं तर जातं चोरीला.

रात्रपाळी

ताशी वीसला पडलेल्याचं डोकंही डांबरावरच आपटतं. मी अपघात विभागात परिचारिका आहे. बाकी काही लिहीत नाही.

रिकामटेकडा

संपलं. धागा दोनशेवर जाणार. चहा टाकून बसलोय.

गेटपास

मास्तर, मी हिंजवडीत नोकरी करतो. आमच्या कंपनीच्या गेटवर हेल्मेट नसेल तर दुचाकी आत घेत नाहीत. सिक्युरिटीवाले काका वाद घालत नाहीत, दंड मागत नाहीत, फक्त दांडा वर करत नाहीत. पुन्हा पुन्हा सापडलात तर मॅनेजरला मेल जातो आणि पार्किंगचं स्टिकर रद्द. त्यामुळे सकाळी त्या रस्त्याला बघा, उघडं डोकं शोधून सापडत नाही. तीच मंडळी शनिवारी भाजी आणायला निघतात तेव्हा हेल्मेट चपलांच्या कपाटावर. काही महाभाग तर कोपरात अडकवून येतात आणि गेट दिसलं की डोक्यावर चढवतात!

कायदा तोच, माणूस तोच, गाडीही तीच. आता सांगा, सकाळी साडेनऊला पुढारलेला आणि संध्याकाळी सातला मागासलेला असा माणूस ऑगबर्नने कुठे बसवलाय?

पेठेतला_मास्तर

गेटपास, तुम्ही माझ्या पुढच्या दोन तासिकांची सोय केलीत.

ऑगबर्नला थोडं बाजूला ठेवू. सॅली फॉक मूर नावाच्या बाई होत्या. मूळच्या वकील, न्यूरेंबर्गच्या खटल्यांसाठी काम केलेल्या. मग मानववंशशास्त्राकडे वळल्या आणि पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाल्या. १९७३ मध्ये त्यांनी कायदा आणि सामाजिक बदल यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, सरकारचा कायदा आणि एकटा माणूस यांच्यामध्ये मोकळं मैदान कधीच नसतं. मध्ये लहान लहान वर्तुळं असतात. ती स्वतःचे नियम करतात आणि पाळायलाही लावतात. बाहेरच्या कायद्याचा धक्का त्यांना लागतो, पण ती त्यात विरघळून जात नाहीत. कायदा माणसापर्यंत पोचतो तो या वर्तुळातून गाळून.

उदाहरणं दोन. पहिलं न्यूयॉर्कच्या महागड्या कपड्यांच्या धंद्याचं. हंगामात रात्रंदिवस शिलाई, एरवी शुकशुकाट. युनियनच्या करारात कामाच्या तासांचे नियम होते. ते अक्षरशः पाळले तर धंदाच बसेल. म्हणून हंगामात युनियनचा प्रतिनिधी डोळेझाक करायचा आणि कारखानदार त्याला, डिझायनरला, ज्याच्या हातात काम अडकवणं आहे अशा सगळ्यांना भेटी पोचवत राहायचे. बाहेरचा माणूस याला लाच म्हणेल. त्या धंद्यात मात्र भेट न देणारा बिनभरवशाचा ठरायचा.

दुसरं आजच्या टांझानियात किलिमांजारोच्या उतारावर राहणाऱ्या चागा लोकांचं. १९६३ मध्ये तिथल्या सरकारने जमिनीची खासगी मालकी काढून टाकली, सगळी जमीन सरकारची केली. कागदावर केवढा बदल! केळीच्या बागा मात्र भावकीच्या आणि शेजाऱ्यांच्या जुन्या हिशेबाने बापाकडून मुलाकडे जात राहिल्या.

तुमचं गेट हे असलं वर्तुळ आहे. कलम १२९ रस्त्यावर हरतं आणि गेटवर जिंकतं, कारण गेटवर ते कंपनीचा नियम होऊन येतं.

कसब्याचा_कट्टा

म्हणजे लोक पोलिसाला भीत नाहीत, एचआरला भितात. यासाठी हार्वर्ड कशाला? आमच्या मंडळाच्या खजिनदाराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्या पंधरांत गणपतीचे किती दिवस बसवायचे यावर दरवर्षी ओढाताण. आमच्या गल्लीत मात्र सूट असलेल्या दिवशीसुद्धा दहाला स्पीकर बंद होतो. कारण समोरच्या वाड्यातल्या आजी. वर्गणीची पहिली पावती त्यांच्या नावाची फाडायची पद्धत आहे. त्या दहा वाजता खिडकी लावतात, खिडकीचा आवाज आला की पोरं बटण दाबतात. डेसिबल मोजायचं यंत्र आमच्याकडे कुणी पाहिलेलंही नाही.

पेठेतला_मास्तर

हे मी वर्गात सांगणार. आजींची परवानगी काढून ठेवा.

मुळशीकर

मास्तर, ऑगबर्नच्या गोष्टीत कायदा नेहमी धापा टाकत मागून येतो. आमच्याकडे उलटं झालं, ते ऐका.

१८९४ चा भूसंपादन कायदा. त्याच्या सातव्या भागात सरकारला कंपनीसाठीही जमीन घेता येईल अशी सोय होती. त्याच कायद्याच्या जोरावर टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली भातखाचरं गेली. वीज मुंबईला. मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा चालला, धरण झालंच. इथे यंत्र यायच्या आधी सत्तावीस वर्षं कायदा तयार होऊन बसला होता. बांध घालायला कायद्याला उशीर लागला नाही.

उशीर कशाला लागला? पुनर्वसनाला. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. आणि तो १८९४ चा कायदा जायला १ जानेवारी २०१४ उजाडली. तेव्हा पिछाडी होती हे कबूल, पण कुणाच्या वाट्याची, हे तुमचे प्रोफेसर विचारत नाहीत. संस्कृती मागे राहिली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या पणजोबांची संस्कृती मागे नव्हती, त्यांची जमीन पाण्याखाली होती.

पेठेतला_मास्तर

मुद्दा एकदम मान्य. ऑगबर्न समाज हा एक अखंड तुकडा धरतात आणि त्याचा एक भाग पुढे, एक मागे असं मोजतात. कुणाच्या हातात काय आहे हा प्रश्न त्या मोजमापात येत नाही.

तुमच्या प्रतिसादाला एक पुरवणी. पुण्याच्या समाजशास्त्राने हा प्रश्न विचारला होता. डेक्कन कॉलेजच्या इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचं सर्वेक्षण केलं, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. नातेसंबंधांवर जन्मभर काम केलेली बाई धरणग्रस्तांकडे गेली की काय पाहणार? भावकी कुठे फुटली, कोण कुणाच्या शेजारी बसवला गेला, ते. फक्त हेक्टर आणि रुपये मोजून विस्थापन कळत नाही.

गंमत म्हणजे हे काम आता कायद्यातच आलंय. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणाम मूल्यमापन करायचं आहे. खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकार आणि खासगी भागीदारीला ७० टक्के. इरावतीबाई सर्वेक्षणाला पोचल्या तेव्हा माणसं उठून गेलेली होती. आता निदान कागदावर तरी विचारपूस आधी आहे.

मुळशीकर

कागदावर. बरोबर.

आशाताई_नव्हे

यंत्र आणि कायदा म्हणताय आणि सोनोग्राफी कुणालाच आठवली नाही? मी आरोग्य खात्यातून निवृत्त झाले.

गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. म्हणजे आपल्याकडे कायदा तसा लवकर आला. आता शून्य ते सहा वयाच्या मुलांमधलं दर हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण बघा. महाराष्ट्रात १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. कायदा होता आणि आकडा उतरत होता. मधल्या काळात सेहत, मासूम या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांना २००० साली सुप्रीम कोर्टात जावं लागलं, केवळ आहे तो कायदा राबवा म्हणून. मग २००३ ची दुरुस्ती, मशीनची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म 'एफ' आणि बाकी सगळं.

मास्तरांची ती वर्तुळं इथेही आहेत. घर, दवाखाना आणि दोघांमध्ये फिरणारा एक ओळखीचा माणूस. कागदावर अक्षर लिहायचं नाही. पेढे की बर्फी, एवढं बोललं की निकाल कळला. फॉर्म अगदी नीट भरलेला असायचा. तपासणीला गेलो की फाइल बघून कौतुक वाटावं! इथे गेटवरचा माणूसच आतल्यांना सामील होता.

रिकामटेकडा

चहा गार झाला. काकू, कडक प्रतिसाद.

ॲड_ताई

मी पुण्यात दिवाणी वकिली करते. माझं उदाहरण मुलींच्या हिश्श्याचं, आणि थोडं लांबेल.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, फक्त आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. २००५ ला केंद्राची दुरुस्ती झाली, ते लग्नाचं कुंपण गेलं. तरी कोर्टात भांडण उरलंच, की २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत की नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात ते मिटवलं : हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. कायदा याहून स्पष्ट काय असायचा?

आता गावात या. वडील गेले. तलाठ्याकडे वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागली. तेराव्यानंतर काही दिवसांत भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन येतो. जबरदस्ती कुणी करत नाही. "ताई, दिवाळीला यायचंय ना?" एवढंच. बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाते, अंगठा देते, फोटो काढते, सही करते. नोंदणी झालेला, स्वखुशीने केलेला दस्त. तो मोडायला ती उद्या माझ्याकडे आली तर फसवणूक किंवा दडपण तिला सिद्ध करावं लागेल, आणि 'भाऊबीज' हा पुरावा कोर्टात दाखल करता येत नाही. कायद्याने दिलेला हक्क कायद्याच्याच कागदावर परत जातो. मूर बाई इथे असत्या तर त्यांनी मुक्काम हलवला नसता.

पण गेल्या काही वर्षांत एक वेगळी गोष्ट दिसतेय आणि तीच सांगायची होती. पुण्याच्या कडेच्या गावांत जमिनीला भाव आला. माण, वाघोली, मावळात कुठेही बघा. बिल्डर जमीन घेण्याआधी वकिलाकडून मालकीचा शोध अहवाल काढतो. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकीलही काढतो. आणि हे वकील आता अडून बसतात : बहिणींच्या सह्या कुठे आहेत? २०२० नंतर तर जास्तच. त्यांना स्त्रीमुक्तीशी काही देणंघेणं नाही. उद्या एखादी बहीण कोर्टात गेली तर इमारत अडकेल, एवढीच धास्ती. पण त्या धास्तीमुळे बहिणीच्या सहीला किंमत आली. जी सही भाऊ साडीचोळीवर घेऊन जायचा, ती आता चेकशिवाय होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका हल्ली 'हक्क सोडू का' असं विचारत नाहीत, 'किती मागू' असं विचारतात.

सातबारा ऑनलाइन झाल्याचाही हात आहे. सासरी ठाण्यात बसून ती आपलं नाव लागलंय का ते मोबाइलवर बघते. पूर्वी त्यासाठी गावात जाऊन तलाठ्याला, म्हणजे पर्यायाने भावाच्या मित्राला, विचारावं लागायचं.

पेठेतला_मास्तर

ताई, हे तर दुसरं गेट झालं. बँकेच्या वकिलाचं.

मला वाटतं धाग्याचा गाभा इथे आहे. कंपनीला विम्याची आणि बदनामीची काळजी, म्हणून गेटवर हेल्मेट. बँकेला कर्ज बुडायची काळजी, म्हणून बहिणीची सही. सोनोग्राफीत मधल्या कुणालाच कायदा पाळण्यात फायदा नव्हता, उलट मोडण्यात पैसे होते, म्हणून तिथे तो पोकळ राहिला. कायदा किती कडक किंवा समाज किती तयार, यापेक्षा मध्ये बसलेल्याचं हित कुठे आहे, हे आधी बघायला हवं. ऑगबर्नच्या मोजपट्टीवर हे दिसत नाही, कारण ती फक्त वर्षं मोजते.

निळी_शाई

मास्तर, मधल्या वर्तुळांवर भाळू नका. गेट, गल्लीतल्या आजी, सगळं छान वाटतं. जात पंचायत हेही असंच वर्तुळ आहे. स्वतःचे नियम करतं, पाळायलाही लावतं.

विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ मध्ये, पुण्यात. म्हणजे कायदा होऊन सदतीस वर्षं झाली होती. तरी मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलंच. त्या कायद्यात वाळीत टाकणाऱ्यांविरुद्ध काही नव्हतं, आणि वर त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता. (इरावतीबाई याच कर्व्यांच्या सूनबाई. मास्तरांनी दोनदा नाव घेतलं म्हणून सांगितलं.)

वाळीत टाकणं हाच गुन्हा ठरवतो तो महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा एकट्या माणसाशी बोलत नाही, थेट वर्तुळावर हात टाकतो. त्यामागे जोडीदार निवडल्याबद्दल जातीने बाहेर काढलेल्या लोकांच्या तक्रारी होत्या आणि महाराष्ट्र अंनिसची मोहीम होती. कुणा बँकेचं हित नव्हतं. तुमच्या 'मधल्याचं हित' या सूत्रात ही माणसं कुठे बसवणार?

पेठेतला_मास्तर

बसत नाहीत. मूर यांचा निबंध वर्तुळ कसं टिकतं हे उत्तम सांगतो. आतल्याच एखाद्याने ते मोडायचं ठरवलं तर काय होतं, यावर तो फार बोलत नाही. या पेपरमध्ये मी हा कायदा स्वतंत्र घेणार आहे, आणि १८५६ शेजारी ठेवून.

कसब्याचा_कट्टा

आमच्या आजींना जात पंचायतीच्या रांगेत बसवल्याबद्दल निषेध.

निळी_शाई

आजींना नाही, खिडकीला. त्या खिडकीने उद्या गल्लीत कोण भाड्याने राहायचं तेही ठरवलं तर?

कसब्याचा_कट्टा

ठरवतातच की. नॉनव्हेजवाल्यांना देत नाहीत. बरं, गप्प बसतो.

भाग_दोन_ची_विद्यार्थिनी

सर, मी तुमच्याच वर्गात आहे, नाव सांगत नाही. अंतर्गत प्रकल्पाला हेल्मेट घेऊ की हक्कसोड? हेल्मेट सगळेच घेतायत.

पेठेतला_मास्तर

हक्कसोड घे. पण घरोघर जाऊन 'तुम्ही सही का केलीत' असं विचारू नकोस, कुणी खरं सांगणार नाही आणि तिथे भांडणं लागतील. कागदापासून सुरुवात कर. ताई, तिला कुठे पाठवू?

ॲड_ताई

नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ असते, ती कुणालाही बघता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक लागतो, त्यामुळे 'सगळी हक्कसोडपत्रं दाखव' असं होत नाही. एक गाव घे, आधी त्याचे गट नंबर काढ, मग एकेक टाकत जा. दस्ताचा प्रकार, कुणी कुणाला लिहून दिला, वयं आणि पत्ते सूचीत असतात. वारसनोंदीचा फेरफार आणि हक्कसोडाचा दस्त यांच्या तारखा शेजारी शेजारी लिही, मध्ये किती अंतर आहे ते बघ. आणि मोबदल्याचा रकाना बघ, तिथे शून्य आहे की आकडा. नावं वहीत उतरवायची नाहीत, खुणेचे क्रमांक दे.

भाग_दोन_ची_विद्यार्थिनी

थँक्यू ताई. मावळातलं गाव घेते. आमचं नाही, शेजारचं. आमच्या गावात आत्याची सही निघेल.

ॲड_ताई

शहाणी आहेस. आणि ती साइट रात्री उशिरा उघड, दिवसा कचेऱ्या चालू असताना कॅप्चाच पुढे सरकत नाही.